मामाकडचं पानेतर

सकाळी चहा घेता घेता जयसिंगराव मोहित्यांच्या मोबाइलवर बिल आलं. गावातल्याच मांडवी बाजारातल्या एका साडीच्या दुकानाचं. गुजरातीत लिहिलेलं, ‘पानेतर, नंग १, मामा तरफथी.’ त्यांनी चष्मा पुसला, मग मोबाइलही पुसला. अक्षरं तीच!

पानेतर म्हणजे गुजराती नवरीची पांढरी-लाल साडी. आपल्याकडे मामाची पिवळी असते ना, तसं हेही मामानंच द्यायचं. आणि या मामाला भाची एकच, संयोगिता. आई गेल्यावर मांजलपूरला यांच्याच घरी वाढलेली, आता नोकरीला अहमदाबादला. तिच्या लग्नाचा अजून पत्ता नाही आणि साडी घेऊन झाली? तीही पानेतर? पोरीनं परस्पर आपल्या नावावर घेतली, की कुणी भलताच मामा उभा केला? बिचाऱ्यांचं डोकंच चालेना.

“अहो, आधी दुकानात विचारा,” मोहनामामी म्हणाल्या. शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण ऐकतील ते मोहिते कसले! त्यांनी थेट भाचीला फोन लावला.

“संयू, पानेतर कुणाचं?”

पलीकडून रडवेला आवाज आला, “मामा, तुम्हाला हार्दिकनं सांगितलं?”

“कोण हार्दिक?”

आता झाली का पंचाईत! बिलात तर हार्दिक कुठेच नव्हता.

हार्दिक तिच्या ऑफिसातला, गुजराती. दोघांचं जमून दोन वर्षं झाली होती. “पण साडीबिडी मी काही घेतली नाही हो, मामा. तुमच्याशिवाय कशी घेईन? नुसतं सांगायचंच धाडस होईना. शेजारच्या सानवीनं गुजराती मुलाशी लग्न केलं, तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, आपल्यात मुलं मेली होती का?”

म्हणाले होते खरे. चिवडा खाता खाता, चांगलं मोठ्यानं. ते विसरून गेले आणि पोर दोन वर्षं तेच वाक्य उराशी धरून बसली. “करतो फोन,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तेवढ्यात दुकानातून फोन. “काका, सॉरी हं! नंबरमां एक आकडो खोटो लखाई गयो. बिल बीजानुं छे, डिलीट करी नाखजो.”

म्हणजे नंबरातला एक आकडा चुकला होता. साडी दुसरीची, मामा दुसरा, बिलाशी आपला काडीचा संबंध नाही. मग हार्दिक तेवढा खरा कसा निघाला? संयूला शाळेत सोडताना ती जयसिंगरावांचा सदरा घट्ट धरायची. तीच पोर आपल्याला भ्याली? त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“चला, स्कूटरवर बसा,” ते मामींना म्हणाले.

त्यांना दारात बघून दुकानदार घाबरलाच. “काका, सॉरी कह्युं ने!”

“ते राहू दे. पानेतर दाखव.”

“अहो, आणि आपली पिवळी?” मामींनी दंडाला चिमटा काढला.

“तीपण. मामा एकटाच आहे, दोन्हीकडचं त्यालाच करायला नको?”

गादीवर पानेतरांचा ढीग पडला. सगळी सारखीच पांढरी-लाल, मोहित्यांना एकातलंही काही कळेना. शेवटी त्यांनी व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल साड्यांवर धरला.

“बोल लवकर, संयू, यातलं कुठलं?”

पोर साड्यांकडे बघतच नव्हती. नुसती रडत म्हणत होती, “मामा, मोबाइल तुमच्याकडे फिरवा ना!”