लिंबापुरता पाय

किसनरावाला यातून मिळणार होती एक जीप. तीही रंग उडालेली, मागचा दरवाजा दोरीनं बांधलेली. महादेवराव शेठ दिवाळीत पानसुपारी चघळत म्हणाले होते, "हर्षलची गाडी एकदाची रस्त्याले लागू दे किसना, मंग ते जीप तुहीच." शेठची खामगावात तेलाची गिरणी, आणि शब्दही गिरणीतल्या पेंडीसारखे: वजनाला भरपूर, पण तेल आधीच काढून घेतलेलं. हे किसनरावाला ठाऊक नव्हतं असं नाही. सारी हयात त्यानं त्याच घरच्या गाड्या चालवल्या होत्या. तरीही त्यानं ती जीप मनातल्या मनात कधीच रस्त्यावर काढली होती. दर गुरुवारी खामगावातली कुटुंबं शेगावला दर्शनाला न्यायची आणि गाडी कोणाची असं कोणी विचारलं, की म्हणायचं, "माही." या एका शब्दासाठी तो सकाळपासून अल्तमशच्या गॅरेजात दुसऱ्याच्या गाडीच्या एक्सीलेटरवर पाय ठेवून बसला होता.

"चाचा, पाय पूर्ण सोडा," अल्तमश लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणाला. "हां. आता हळू दाबा. घाई नका करू."

हर्षल हा शेठचा एकुलता एक. त्यानं आपल्या लाल गाडीचं इंजिन 'ट्यून' करून घेतलं होतं, म्हणजे चांगली चालणारी गाडी आणखी चांगली चालावी म्हणून उघडून ठेवली होती. इंजिनात हवा सोडणारी झडप आता आधीपेक्षा मोठी होती. ती किती उघडली हे गाडीतल्या कॉम्प्युटरला सांगायला तिथं एक सेन्सर असतो. झडप बदलली की त्याला नव्यानं शिकवावं लागतं: बाबा रे, ही बंद, ही पूर्ण उघडी, आणि पायाचा एवढा दाब म्हणजे एवढी. शिकवणाऱ्याचा पाय थरथरला तर गाडी थरथरच शिकते. अल्तमशनं आधी स्वतःच्या पायानं करून पाहिलं होतं, पण एक डोळा पडद्यावर आणि एक पाय पेडलवर असं त्याला जमेना. किसनरावाचा पाय बसला आणि पडद्यावरची रेघ डब्यातून तेलाची धार पडावी तशी अखंड वर चढली.

"असा पाय कोणाचाच नाई चाचा," अल्तमश म्हणाला.

किसनरावाची मान जराशी ताठ झाली. कारण पाय ही त्याची खरी मिळकत होती. त्याच्या गल्लीत कोणाकडेही नवं वाहन आलं, रिक्षा असो की ट्रॅक्टर, तर पूजा होई, चाकांखाली लिंबं ठेवली जात आणि सगळे किसनरावाची वाट पाहत थांबत. लिंबांवरून गाडी नेण्याचा मान त्याचा. तिथं त्याचा नियम ठरलेला होता: "लिंबू फुटलं पाह्यजे, उडालं नाई पाह्यजे." समोर बायका ओवाळायला उभ्या असत, पोरं चाकाशी वाकून बघत, आणि गाडी हातभर पुढं सरकून थांबे. लिंबू फक्त 'पिच्' करी. त्याबद्दल त्याला अर्धा नारळ मिळे आणि ओट्यावरची खुर्ची. ज्या गल्लीत एरवी कोणी कोणासाठी थांबत नाही, तिथं आपल्यासाठी थांबतात, याची किंमत त्याच्या लेखी नारळापेक्षा बरीच जास्त होती.

दुपारी हर्षल आला. गाडी घेऊन एक चक्कर मारली आणि तोंड वाकडं करून उतरला.

"हे तं दुधाच्या टेम्पोवानी चालते बे अल्तमश. नुसता पाय टेकवला की उडाली पाह्यजे. तिसऱ्या हिश्श्यावर पाय आला की तेच पूर्ण समज, असं शिकव तिले."

अल्तमशनं हात पुसले. "भाऊ, तसं केलं तं ते मुंगीच्या पावलाले हत्तीचं पाऊल समजंन. रस्त्यावर मानसं असतेत."

"पैसे मी देऊन राह्यलो न?"

"तुमी देऊन राह्यले. पन सेटिंग माह्या हातची हाय."

हर्षल हसला, किसनरावाला घरी सोडण्याचंही विसरला आणि गाडी घेऊन गेला. अल्तमशचा गाळा महादेवरावांच्याच मालकीचा होता, तरी त्या पोरानं 'नाही' म्हटलं. ही गोष्ट किसनरावानं मनात नोंदवून ठेवली.

रविवारी सकाळी पूजा. गाडी काही नवी नव्हती, पण शेठच्या घरात ज्या वस्तूवर खर्च झाला तिची पूजा होतेच. हर्षलला व्हिडिओत ओवाळून घ्यायचं होतं, म्हणून तो गाडीपुढं उभा. शेजारी त्याची बायको अनुपमा, हातात आरतीचं ताट. लिंबं ठेवून झाली आणि स्टिअरिंगवर बसायला अर्थातच किसनराव.

मधल्या दोन रात्रींत हर्षलनं आपल्या पुण्याच्या दोस्ताकडून फोनवरच ती सेटिंग बदलून घेतली होती. आपली गाडी आता कशी उडते हे त्यानं मोबाइलवर दीड हजार अनोळखी माणसांना कळवलं होतं. गाडीत बसणाऱ्या एका माणसाला सांगायचं तेवढं राहिलं.

किसनरावानं गिअर टाकला, क्लच सोडत आणला आणि लिंबापुरता पाय ठेवला. तोच पाय, ज्यानं दोन दिवसांपूर्वी या गाडीला हळू म्हणजे काय ते शिकवलं होतं.

गाडीनं झेप घेतली. ताट, तबक, बायको, मालकाचा पोरगा, सगळं एकदम काचेपुढं आलं. विचार करायला वेळ नव्हता आणि त्यानं केलाही नाही. स्टिअरिंग पूर्ण डावीकडं फिरलं आणि गाडी फाटकाच्या खांबावर जाऊन आदळली. बॉनेट दुमडलं, खांब कलला. किसनरावाचं मनगट सुजलं. अनुपमाच्या पदरावर फक्त कुंकू सांडलं.

घाबरलेला माणूस खरं बोलतो. हर्षलही बोलला, सगळ्यांदेखत. "काका, मी सांगाले पाह्यजे होतं. सेटिंग बदलली होती." अनुपमानं ते ऐकलं. शेठनीही ऐकलं. किसनरावाला वाटलं, चला, मनगट जाईल बरं होऊन, पायावर तरी डाग नाही.

पण घाबरणं सकाळपुरतंच असतं. संध्याकाळी जेवणं झाल्यावर शेठनी त्याला आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तेव्हाच किसनरावानं ओळखायला हवं होतं. शेठ म्हणाले, विमा कंपनीचा माणूस उद्या येणार. इंजिनात असे बदल केलेत म्हटलं तर कंपनी एक पैसा देत नाही. ड्रायव्हरची चूक झाली म्हटलं तर देते. चूक काय, कोणाच्याही हातून होते.

"तू फक्त म्हन, पाय घसरला. एवढंच."

"घसरला नाई पन, शेठ."

"मले मालूम नाई का? तुले मालूम हाय, मले मालूम हाय, देवाले मालूम हाय. कंपनीले कशाले मालूम पाह्यजे?" आणि खालच्या आवाजात, जणू आत्ताच आठवलं, "जीपचे कागद करून टाकू या हप्त्यात."

म्हणजे जी जीप हर्षलची गाडी रस्त्याला लावल्याबद्दल मिळायची होती, ती आता न केलेली चूक कबूल केल्याबद्दल मिळणार होती. शेठ एक वस्तू दोनदा विकण्यात मुरलेले होते.

त्याच रात्री वाटेत अल्तमश भेटला. त्याला सगळं कळलं होतं, तो भडकला होता. उद्या येतो आणि विम्याच्या साहेबाच्या तोंडावर सांगतो म्हणाला. किसनरावानं त्याला थांबवलं.

"काऊन चाचा?"

"गाळा कोनाचा हाय? तुह्या लेकरायची शाळा हाय. तू नोको येऊ. पाय माहा हाय, माहा मी पाहीन."

सोमवारी विम्याचा साहेब आला. बिनसाखरेचा चहा, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. त्यानं बॉनेटचे, खांबाचे फोटो काढले आणि वर न बघताच विचारलं, "काका, पाय घसरला का?"

अंगणात सगळे होते. हर्षल मोबाइल बघत होता. अनुपमा दारात होती. तिचे दोन्ही पाय शाबूत होते, त्यांवर ती उभी होती. किसनरावानं एकदा तिच्याकडं पाहिलं. ती काही बोलेल असं त्याला क्षणभर वाटलं. तिनं सासऱ्यांकडं पाहिलं आणि आत चहाचे कप आणायला गेली. कोपऱ्यात जीप उभी होती.

"नाई," किसनराव म्हणाला. "माहा पाय घसरला नाई."

"मग काय झालं?"

"ते मालकायले विचारा. मी या घरचं मीठ खाल्लं हाय, मी सांगनार नाई. पन पाय घसरला नाई. एवढं लिहा."

साहेबानं पेन थांबवलं. महादेवराव हसले, मायेनं हसले. हे हसू त्यांच्याकडं फार महागाचं होतं आणि ते क्वचितच बाहेर काढत. "वय झालं साहेब. कबूल कराले मन होत नाई त्याचं. जुने ड्रायव्हर असेच असतेत."

साहेबानं मान डोलावली. त्यानं असे खूप पाहिले होते. 'नाही' म्हणणारा म्हातारा हाच त्याच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा पुरावा होता. त्यानं काय लिहायचं ते लिहिलं. क्लेम पास झाला.

किसनरावानं गाड्यांच्या सगळ्या चाव्या शेठच्या ओट्यावर नेहमीच्या खिळ्याला अडकवल्या, एकेक नीट सरळ करून, आणि चालत घरी गेला. त्याला कोणी काढलं नाही आणि कोणी बोलावलंही नाही. जीप पुढं जानेफळच्या एका माणसानं नेली.

महिनाभरात गल्लीतल्या हिंमतरावांकडं नवा पिकअप आला. सकाळी पूजा झाली, लिंबं ठेवली गेली. किसनराव धुतलेलं धोतर नेसून आला होता. हिंमतराव वाईट माणूस नव्हता. त्यानं किसनरावाला हाताला धरून ओट्यावरच्या खुर्चीत बसवलं, नारळाचं अर्धं भकल हातात दिलं आणि नजर चुकवत आपल्या भाच्याला म्हणाला, "बस तू. तुहे पाय अजून जवान हायेत."

भाच्यानं पाय दिला. लिंबू उडालं. रस आणि दोन बिया थेट ओट्यापर्यंत आल्या, किसनरावाच्या धोतरावर. लोक हसले, टाळ्याही वाजल्या. किसनरावानं बिया उचलल्या आणि नारळाच्या वाटीत ठेवल्या. खुर्चीत बसल्याबसल्या त्याचा उजवा पाय जमिनीवर अगदी हळू दाबला गेला होता, लिंबापुरता. तो त्यानं उचलला आणि डाव्याच्या मागं घेतला.

बॉनेटचं कंपनीनं भरलं. खांबाचं शेठनी भरलं, जुन्याच विटा वापरून. हर्षलनं नवीन व्हिडिओ टाकला. अनुपमाच्या दोन पायांचं देणं निघत होतं, ते कोणी मागितलं नाही. बाकी सगळं किसनरावानं भरलं.