सौदामिनीचं वाण

हलगी वाजली तेव्हा सौदामिनी पाणी गाळत होती. जुन्या धोतराचं चौपदरी फडकं घागरीच्या तोंडाला बांधलेलं, तरी त्यातून खाली उतरणाऱ्या पाण्याला मोरीचा वास येतच होता. ग्यानोबा कोतवाल गल्लीच्या तोंडाशी थांबला, हलगीवर दोन टोले दिले आणि खणखणीत आवाजात ओरडला,

"ऐका हो ऐका! उद्या दिस उगवायला बारवंतली सौदामिनी काढायची हाय! घरटी एक माणूस यावं हो! कुणाच्या घरात सौदामिनी असंल तर ती बी उपटून आणावी! सौदामिनी निघाल्याबिगर टँकर येणार न्हाई होऽऽ!"

सौदामिनी फडकं हातात घेऊन दारात आली. तिला बघून ग्यानोबाची हलगी एकदम गप्प झाली.

"तुमाला न्हाई म्हणलं, काकू," तो ओशाळून म्हणाला. "त्या झाडाला म्हणलं."

"कळतं मला. जा तू पुढं."

तो पुढच्या गल्लीत गेला आणि तिथंही तेच ओरडला. तिथं मात्र त्याचा आवाज जरा मोकळा होता.

खरं म्हणजे चाकुरात तिला नावानं कुणी हाकच मारत नसे. ती सगळ्यांची काकू. माहेरची विनीता, लग्नात वसंतरावांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं 'सौदामिनी' असं लिहिलं, आणि लिहून झाल्यावर ते नाव जणू तांदळाबरोबर डब्यात भरून ठेवून दिलं. पुढं जन्मभर "अगं", "ऐकलंस का", आणि चारचौघांत "आमच्या घरात". एवढं झोकदार नाव रेशनकार्डावर पडून होतं.

लातूर जिल्हा झाला तेव्हा वसंतराव उस्मानाबादच्या कचेरीतून लातूरच्या नव्या कचेरीत आले. लातुरात जागा मिळेना, म्हणून चाकूरला घर केलं आणि एस.टी.नं जाऊन येऊन नोकरी केली. नव्या जिल्ह्याचा सगळ्यांनाच उत्साह. पाट्या नव्या, शिक्के नवे, साहेबांचे बंगले नवे आणि त्या बंगल्यांपुढं बागा करायची चढाओढ. कारकुनाला बंगला कुठला? पण हौस तर कारकुनालाही असतेच. साहेबांबरोबर एकदा नांदेडला दौऱ्यावर गेले असता कुणाच्याशा हौदातली एक पाणवनस्पती त्यांनी मागून घेतली, ओल्या टॉवेलात गुंडाळली आणि मांडीवर धरून बसमधून आणली. अंगणातल्या हौदात सोडली. फुगीर देठांची, तकतकीत पानांची ती चिमुकली रोपं पाण्यावर बदकांसारखी तरंगायला लागली, आणि थोड्याच दिवसांत त्यांना जांभळा तुरा आला. वरच्या पाकळीवर मोरपिसातल्यासारखा पिवळा डोळा. बघायला अख्खी गल्ली लोटली.

त्या संक्रांतीला काय लुटायचं हा प्रश्नच उरला नाही. बाकीच्या बायका कंगवे लुटत होत्या, गाळण्या लुटत होत्या, साबणाच्या डब्या लुटत होत्या. सौदामिनीनं कुंभाराकडून पसरट परळ आणले, त्यांत पाणी घातलं आणि प्रत्येक सवाष्णीच्या हातात एकेक जिवंत रोप ठेवलं. असलं वाण कुणी बापजन्मी पाहिलं नव्हतं.

"काकू, नाव काय म्हणायचं वो ह्या फुलाचं?" शेजारच्या शिवकांतानं विचारलं.

सौदामिनीला नाव माहीत नव्हतं. वसंतरावांनाही नव्हतं, विचारायचं राहूनच गेलं होतं. पण ओसरीवरच्या वर्तमानपत्रामागून आवाज आला,

"सौदामिनी."

आणि जो हशा उसळला! "अग बया बया!" शिवकांता ओरडली. "काकांनी नाव घेतलं! ते बी उखाण्याबिगर!" वर्तमानपत्र आणखी वर गेलं. सौदामिनीचे कान तापले. इतकं सुख तिला लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

ते नाव गावानं उचललं. "आमच्या सौदामिनीला तुरा आला," "सौदामिनीला पिल्लं फुटली" असं बायका विहिरीवर बोलायला लागल्या.

समोरच्या घरात पंचशीला सिस्टर राहायची, सरकारी दवाखान्यात नोकरीला. तिला त्या हळदीकुंकवाचं बोलावणं गेलं नव्हतं. का गेलं नाही, असं सौदामिनीला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते तिला चांगलं माहीत होतं.

पुढं वसंतराव गेले. लातूरहून येणाऱ्या गाडीत बसल्या जागी गेले. कंडक्टर उठवायला गेला तेव्हा कळलं. तिथून पुढं सौदामिनीकडं कुणी वाण घ्यायला आलं नाही आणि तिला कुणी द्यायला बोलावलं नाही. दिलेलं वाण मात्र वाढत राहिलं. त्या झाडाला मरणच नव्हतं. एकाची दोन, दोनाची दहा. परळात मावेना म्हणून बादलीत, बादलीतून टाकीत. देठ तोडला तरी तुकडा फुटायचा. बायका कावल्या आणि सौदामिनीलाच विचारायला आल्या, काकू, ह्याचं करायचं काय?

"वाण आहे ते," सौदामिनी म्हणाली होती. "उकिरड्यावर नका टाकू. पाण्यातलं आहे, पाण्यात सोडा."

देवाची शिळी फुलं सोडतात तसं मग गावानं ते बारवेत सोडलं. हळदकुंकू वाहून, हात जोडून सोडलं.

आता दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं आणि त्या चिरेबंदी बारवेकडं बघवत नव्हतं. पाणी दिसतच नव्हतं. वरून हिरवागार गालिचा, जांभळे तुरे, एखाद्या परगावच्या पाहुण्याला वाटावं काय सुंदर जागा आहे! आणि खाली काळा रेंदा. घागर बुडवायला काठीनं भोक पाडावं लागायचं, आणि भोक पडलं की आतून असा भपकारा यायचा की बायका पदर नाकाला लावून मागं सरायच्या. डासांचे तर ढग. एक कुत्रं हिरवळ समजून त्यावर चाललं आणि आत गेलं. ते वर आलं ते फुगूनच. आणि गाव काय म्हणत होतं? सौदामिनी कुजली. सौदामिनीचा वास येतोय. सौदामिनीनं खाज सुटली. हे सगळं तिच्या कानांवर येत होतं, घास तोंडाशी नेतानासुद्धा.

टँकर आला होता, पण ड्रायव्हर बारवेच्या काठावरूनच परत फिरला. "ह्या गटारात प्यायचं पानी वतू का?" असं म्हणाला, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं.

हलगी वाजली त्याच दुपारी पंचायतीचे किशनराव आले. बरोबर शिवकांता. किशनराव टोपी हातात फिरवत बसले.

"काकू, बारव तर उद्या काढून राहिलो आमी. पर एक जरी काडी गावात राहिली, तर पुन्हा हायेच. गल्लीतल्या समद्यांनी आपापलं काढलं. आता..."

त्यांनी अंगणातल्या हौदाकडं बघायचं टाळलं.

"माझं माझ्या हौदात आहे, किशनराव. कुणाला त्याचा त्रास नाही."

"तरास न्हाई?" शिवकांतानं मध्येच तोंड घातलं. ती मघापासून दम धरून होती. "आमची लेकरं घोटघोट पाण्याला तरसून राहिली, अन् तुमी रोज कळशी कळशी त्या घाणीला पाजून राहिल्या! समद्या गल्लीला दिसतंय, काकू."

"घाण म्हणू नकोस तिला."

"घाण न्हाई तर काय म्हणू? माझ्या पोरीच्या अंगावर चट्टे उठले, सौदामिनी लागली म्हणून! त्या सौदामिनीचा..." आणि शिवकांता थांबली. ती वाईट बाई नव्हती. पदराचं टोक चावत उभी राहिली.

"जा तुम्ही," सौदामिनी म्हणाली. "मी बघते."

बघते म्हणाली, पण बघितलं नाही. ती रोज बघायची ते वरून, ओसरीवरून. पानं तकतकीत, तुरा ताजा, वर्तमानपत्रामागून आलेला तो आवाज. हौदात खाली काय आहे ते वसंतराव गेल्यापासून तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे, तांबडं फुटताना, तिनं पदर खोचला आणि हौदात हात घातला.

हात कोपरापर्यंत गेला तो मऊ, गिळगिळीत कशात तरी. ओढलं तर पानांखालून मुळांचा झुबका आला, न्हाणीच्या मोरीत वर्षानुवर्षं अडकलेल्या केसांसारखा, काळा, लिबलिबीत. त्यात मेलेली पाल. त्यात वळवळणाऱ्या अळ्या. त्या वासानं ती हौदाची कडा धरून ओकली. पोटात फक्त चहा होता, तोही पडला.

"बघा," ती ओसरीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाली. "बघा, कशाला माझं नाव दिलंत! जन्मात एकदा घेतलंत, ते ह्याला!"

तिला त्यांचा राग आला होता. ते गेल्यापासून पहिल्यांदाच आला, आणि अस्सल आला. त्याच रागानं ती झुबके उपटून बादलीत भरायला लागली.

फाटक वाजलं. पंचशीला आत आली होती. दवाखान्याला निघायच्या आधी तीही बारवेकडंच चालली असावी, साडी वर खोचलेली होती. तिनं बादलीची दुसरी बाजू धरली. दोघींनी हौद उपसला. तळाशी गेल्यावर सौदामिनी म्हणाली,

"तुला नव्हतं दिलं मी हे."

"न्हाई. मला बोलावलंच कुठं हुतं तुमी?"

"बरंच झालं म्हणायचं."

पंचशीलानं हात झटकले, हातावरची अळी निपटून काढली.

"बरं न्हाई झालं, काकू. फूल ऱ्हावो न्हाईतर घाण ऱ्हावो, बोलवायला पायजे हुतं."

  सौदामिनीनं आतून वसंतरावांचा जुना टॉवेल आणला, हौदाच्या कोपऱ्यात राहिलेले तुकडे त्यानं निपटून काढले आणि टॉवेलासकट बादलीत टाकले. मग बादलीच्या कडीची एक बाजू तिनं धरली, एक पंचशीलानं, आणि दोघी गल्लीतून निघाल्या. लोक दारांतून बघत होते.

बारवेच्या पायऱ्यांवर माणसांची रांग लागली होती. खालच्यानं झुबका काढायचा, वरच्याच्या हातात द्यायचा, त्यानं त्याच्या वरच्याच्या. मघापर्यंत तिथं चांगला कल्ला चालला होता: "धर सौदामिनी!" "अरे, सौदामिनी अंगावर पडली!" सौदामिनी काठावर दिसताच कल्ला बंद झाला. मग सगळे "ते", "ते घ्या", "त्याला धरा" असं बोलायला लागले. इतकी माणसं, पण एकाच्याही तोंडातून ते नाव फुटेना, आणि त्या अडखळण्यात कामही रेंगाळायला लागलं.

"काकू, तुमी नका उतरू," किशनराव म्हणाले. "शेवाळ लई हाय."

ती उतरली. एकेक पायरी धरत अगदी खाली, गुडघाभर रेंद्यात जाऊन उभी राहिली. वाकून तिनं दोन्ही हातांनी एक मोठा झुबका उपटला. त्यातून काळं पाणी तिच्या पांढऱ्या लुगड्यावर ओघळलं. वरच्या पायरीवर शिवकांता होती. तिनं हात पुढं केला, पण मान वळवली.

"घे," सौदामिनी म्हणाली. आवाज सगळ्या बारवेत घुमला. "घे गं, सौदामिनी घे."

शिवकांतानं तिच्याकडं बघितलं.

"द्या, काकू," ती हळूच म्हणाली, आणि मग वर वळून मोठ्यानं ओरडली, "धरा वो, सौदामिनी आली!"

रांग पुन्हा हलायला लागली. उन्हं डोक्यावर यायच्या आत पाण्याचा एक तुकडा उघडा पडला, गढूळ, पण त्यात आभाळ दिसत होतं. पुढं टँकरही आला.

काढलेला ढीग गावाबाहेर माळावर टाकला होता. चार दिवसांनी किशनरावांनी त्यावर रॉकेल ओतून पेटवून दिला. जाळ काही धड लागला नाही, नुसता पिवळट धूर निघाला आणि वाऱ्याबरोबर गावात शिरला, जळक्या केसांचा आणि चिखलाचा वास घेऊन.

संध्याकाळी शिवकांतानं भिंतीवरून डोकं काढलं.

"काकू, दारं लावून घ्या वो. सौदामिनी नुसती धुमसून राहिली, जळंना झाली."

सौदामिनी कोरड्या हौदात उतरून भिंती घासत होती. तिनं मान वर केली नाही.

"ओली आहे अजून," ती म्हणाली.