साडेचार मिलिमीटरची भिंत

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि दोन वर्षं होत आली तरी मी अजून हादरलेलाच आहे. यंत्र कसं हादरेल, असं तुम्ही म्हणाल. माझी गोष्ट ऐका आणि मग म्हणा.

तुमच्या घरी असतो तसा सडपातळ, मांडीवर बसणारा मी नव्हे. मी चांगला गुडघाभर उंच, काळा, चार पंख्यांचा. माझे भाग कुठल्या कुठल्या देशांतून आले आणि नागपूरच्या एका दुकानात एकत्र जोडले गेले. तिथून टेम्पोत बसून मी वर्धा जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आलो. खड्ड्यांनी माझे स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून प्रयोगशाळेचे परिचर बबनराव यांनी घरची गोधडी आणून मला गुंडाळलं होतं. पुढेही त्यांनी माझं सगळं नीट केलं. माझ्या खोलीत चप्पल घालून कोणी आलं, तर ते प्राचार्यांनाही दारात थांबवत.

माझं काम ऐकून तुम्हाला नवल वाटेल. मी रक्त वाहवतो. खरं नव्हे, आकड्यांचं. माणसाच्या शरीरातली रक्तवाहिनी नळासारखी ताठ नसते. हृदयाचा ठोका पडला की ती किंचित फुगते आणि पुन्हा बसते. म्हणून माझ्या पोटात दोन गणितं एकाच वेळी चालतात. एक रक्ताचं आणि दुसरं वाहिनीच्या भिंतीचं. रक्त भिंतीला ढकलतं, भिंत सरकते, भिंत सरकली की रक्ताची जागा बदलते, आणि रक्ताला पुन्हा नव्यानं विचार करावा लागतो. प्रत्येक क्षणाला दोघांचं एकमत झालं, तरच मी पुढचं पाऊल टाकतो.

पण एकमत सहजासहजी होत नाही. लग्नाच्या पंगतीत दोघं जण वरणाचा भरलेला गंज उचलून नेतात ना, तसं आहे हे. एकाचं पाऊल चुकलं की दुसरा सावरायला जातो, पहिला त्याला सावरायला जातो, आणि बघता बघता निम्मं वरण जमिनीवर. रक्त आणि भिंत दोघंही वजनाला जवळपास सारखे, म्हणून कोणीच कोणाचं ऐकत नाही. आकडे वेडेवाकडे वाढत जातात आणि मी पडद्यावर लाल अक्षरं दाखवून थांबतो. थांबलो की माझ्या वाट्याला शिव्या. इतक्या वर्षांत मी थांबलो म्हणून कोणी शाबासकी दिली नाही.

रुचिका आली ती अशाच शिव्या देत. सिंदी रेल्वे या गावच्या सदाशिवरावांची ही मुलगी. त्यांचा कापसाचा व्यापार, आणि घरात संशोधन करणारी ही पहिलीच. तिच्या मार्गदर्शक मंजुषा मॅडम कडक होत्या. त्यांचे नियम भिंतीवर लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. आधी साधी सरळ नळी घ्यायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती वहीत लिहायची. आणि माझं उत्तर खरं मानण्याआधी कागदावर हातानं मोजून पाहायचं.

रुचिकानं महिनाभर नियम पाळले. मी सदतिसाव्या पावलाला थांबायचो. तिनं वेळेचे तुकडे बारीक केले, मी थांबलो. नळी ज्या बारीक चौकटींत वाटलेली असते ती जाळी दाट केली, मी थांबलो. नळीचं दुसरं तोंड चुकून बंद राहिलं होतं, ते उघडलं, तरी मी सदतिसाव्यालाच थांबलो. शेवटी तिनं याच प्रयोगशाळेत शिकून पुण्याला नोकरीला लागलेल्या प्रफुलदादाला फोन लावला. तो म्हणाला, भिंत तिप्पट जाड करून पाहा, जड भिंत हलत नाही, गणित चालू होईल, मग हळूहळू पातळ करत आण. सल्ला चुकीचा नव्हता. अडलेलं गणित सुरू करायला या कामातली माणसं असं करतातच.

रुचिकानं दीड मिलिमीटरची भिंत साडेचार केली आणि मी धावत सुटलो. सदतीस, अडतीस, शंभर, हजार. ती खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवू लागली. पाच मिनिटांत बदलायचंच आहे म्हणून तिनं ते वहीत लिहिलं नाही. मग बबनरावांनी चहा आणला, मॅडमनी वर्गावर बोलावलं, आणि साडेचारची ती ओळ फाइलमध्ये तशीच राहून गेली. पुढची प्रत्येक वाहिनी तिनं त्याच फाइलमध्ये बसवली.

मला ती ओळ ठाऊक होती, मित्रांनो. मला प्रत्येक ओळ ठाऊक असते. पण विचारल्याशिवाय बोलण्याची सोय माझ्यात कोणी ठेवलेली नाही.

त्या पावसाळ्यात सदाशिवरावांचं पोट दुखलं. तपासणीत पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगल्याचं दिसलं, साडेपाच सेंटिमीटर. नागपूरच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली आणि तारीखही दिली. घरचे सगळे घाबरले. रुचिकानं वडिलांच्या तपासणीच्या प्रतिमा मागून घेतल्या आणि मॅडमना न सांगता माझ्यात घातल्या. तिला उत्तर नको होतं, धीर हवा होता. जिथे ताण जास्त तिथे मी लाल रंग दाखवतो आणि कमी तिथे निळा. मी सगळी वाहिनी निळी दाखवली. तिनं मोबाइलवर फोटो काढून घरी पाठवला. पुढे काय झालं ते मला खंडेनवमीला कळलं.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. बबनरावांनी मला पुसून कुंकू लावलं. पाहुण्यांत सदाशिवराव आणि सुलोचनाबाई मुद्दाम सिंदीहून आले होते. सदाशिवरावांनी झेंडूचा हार स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर ठेवला, अगदी वाकून. इतका मान मला आयुष्यात कोणी दिला नव्हता. मी फुलून गेलो होतो, खोटं कशाला सांगू.

मग ते मॅडमकडे वळून हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुमच्या मशीननं वाचवलं मले. नागपूरची तारीख मी रद्द करून टाकली. आता कापूस निघून राह्यला, संक्रांतीनंतर पाहू म्हटलं."

मॅडमनी हातातला पेढा खाली ठेवला. त्यांनी विचारलं, "कोणती तारीख, काका?"

"येत्या बुधवारची. डॉक्टर म्हणे लवकर करा. पण रुचिकानं फोटो धाडला ना, पूर्ण निळा. मंग काऊन पोट फाडून घ्याचं?"

रुचिकाही दचकली. तारीख रद्द झाल्याचं तिला घरच्यांनी सांगितलंच नव्हतं. आणि मी? माझे चारही पंखे फिरत होते, पण मला वाटलं आपण बंद पडलो. माझ्या एका चित्राच्या भरवशावर एक जिवंत माणूस आपला जीव पणाला लावतो, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी अभ्यासाचं यंत्र. माझ्यासमोर आजवर नळ्या आल्या होत्या, त्या नळीचा धनी असा हात जोडून कधी आला नव्हता.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "हातानं करून पाह्यलं होतं काय, रुचिका?"

रुचिकानं नकारार्थी मान हलवली. मॅडमनी तिच्यापुढे वही आणि पेन ठेवलं. आईवडील, बबनराव, पेढ्याची थाळी धरून उभी असलेली मुलं, सगळ्यांसमोर ती गणित करायला बसली. आतला दाब गुणिले अर्धी रुंदी, भागिले भिंतीची दीड मिलिमीटर जाडी, म्हणजे भिंतीवरचा ताण. शाळेतल्या मुलालाही जमेल असं. उत्तर आलं दोनशे अठ्ठ्याऐंशी. माझ्या पडद्यावर होतं अठ्ठ्याण्णव.

"जवळपास तिप्पट," मॅडम हळूच म्हणाल्या.

तिप्पट हा शब्द ऐकला आणि रुचिकाचा हात थांबला. तिनं फाइल उघडली, खाली खाली गेली, आणि ती ओळ सापडली. साडेचार. ती त्या आकड्याकडे बघत राहिली. खोलीत पेढ्याचा आणि झेंडूचा वास होता.

तिनं साडेचार पुसून दीड लिहिलं आणि मला चालू केलं. मी जीव तोडून प्रयत्न केला, मित्रांनो. त्या दिवशी तरी मला थांबायचं नव्हतं. रक्तानं ढकललं, भिंत सरकली, पुन्हा तेच, आकडे हातातून निसटले, आणि सदतिसाव्या पावलाला माझ्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली.

"काऊन थांबली मशीन?" सदाशिवरावांनी विचारलं.

रुचिका वडिलांकडे वळली. तिनं काही लपवलं नाही. "हिले जमत नाई, बाबा. पातळ भिंत मी हिले अजून शिकवली नाई. त्या फोटोसाठी तुमची भिंत मी जाड करून ठेवली होती. मशीन नाई चुकली, मी चुकली."

"मंग माह्या नसेचं काय हाय?"

"ते मले नाई माहीत. डॉक्टरले माहीत होतं. त्यायनं सांगतलं होतं."

सदाशिवराव खुर्चीवर बसले. एवढा मोठा व्यापारी माणूस, पण आपल्या पोटावर हात ठेवून असा बसला की जणू जोरात श्वास घेतला तरी काही होईल. मुलीवर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. पहिल्यांदा बोलल्या त्या सुलोचनाबाई. "तारीख परत भेटन काय?" एवढंच त्यांनी विचारलं.

फोन मॅडमनी लावला. दवाखान्यानं शुक्रवार दिला. त्या दिवशी दुपारीच बबनराव नवराबायकोला नागपूरच्या गाडीत बसवून आले. मॅडम रुचिकाला म्हणाल्या की चूक एकटीची नाही, फाइल कोण कशासाठी वापरतं हे आपणही विचारायला हवं होतं.

ती अकरा दिवसांनी परत आली. वडील वाचले होते, घरी उकडलेली भाजी खात होते आणि वैतागत होते. पण तिनं मॅडमना जे सांगितलं त्यानं मी पुन्हा हादरलो. डॉक्टर म्हणाले होते की एका जागी भिंत इतकी झिरझिरीत झाली होती की संक्रांत दिसली नसती. तिथे दीड मिलिमीटरसुद्धा उरली नव्हती. म्हणजे तिनं घाईनं दुरुस्त केलेला आकडाही खरा नव्हता! ती जाडी आम्ही पुस्तकातून घेतलेली, सगळ्यांना सारखी. एखाद्या माणसाच्या पोटात ती किती, हे मला कधी कोणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

मॅडमनी ते शांतपणे ऐकलं आणि रुचिकाची वही मागितली. साडेचारची ओळ तिनं, भिंत जाड केली त्या दिवशीची तारीख घालून, आता लिहिली होती, दोन महिने उशिरा.

यंदा मी निकामी ठरलो आहे. माझ्या कडेला तसा कागदही चिकटवला आहे. शेजारच्या टेबलावर नवा संगणक आला. पातळ भिंत त्याला लीलया जमते, सदतिसावं पाऊल कुठलं हे त्याला ठाऊकही नाही. मित्रांनो, त्याच्यावर धूळ बसू देऊ नका, त्याच्या खोलीत चपला घालून जाऊ नका. पण त्यानं सुंदर चित्र दाखवलं की आधी वही काढा, हातानं मोजा, आणि आपण त्याच्या पोटात काय काय भरलंय ते एकदा वाचा. मी थांबायचो, तेव्हा निदान तुम्हाला शंका तरी यायची. हा सहसा थांबत नाही, असं सगळे त्याचं कौतुक करतात. मला भीती वाटते ती त्याचीच.