सापांसाठी, नोव्हेंबरात

मी काचेच्या कपाटातला एक जुना रिव्हॉल्वर बोलतोय. मला सगळं नीट आठवतं, असं छातीठोकपणे सांगवत नाही. त्या दिवशी बाहेर बर्फ होतं की नुसतं दव गोठलेलं, याचीही आता शंका वाटते. नोव्हेंबर मात्र असावाच. हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला होता आणि दुकानात नारिंगी टोप्या हिंडत होत्या.

त्याआधी वीसेक वर्षं मी इतिहासाच्या एका प्राध्यापकांच्या टेबलाच्या खणात होतो. त्यांनी मला कधी झाडलं नाही. ते मोठ्याने वाचत, मी ऐके. प्रत्येक गोष्टीला दुसरी बाजू असते, असं म्हणायची त्यांची सवय तिथेच मला लागली. ते गेल्यावर त्यांच्या बायकोने मला पश्चिम नेब्रास्कातल्या या दुकानात विकलं. कुणी दुकानातच गोळी भरून झाडू नये म्हणून इथे माझ्या नळीतून प्लास्टिकची पट्टी ओवली गेली. ती अजून आहे.

डेलमर ह्रूस्का पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना मला हातही लावता आला नाही. ओळखपत्रावर आताचा पत्ता लागतो; त्यांच्यावर शेतावरचा होता आणि ते तर शेत विकून गावात राहायला आलेले. पुढच्या आठवड्यात ते नवं कार्ड घेऊन आले. काउंटरवरच्या ट्वायलाने मला बाहेर काढलं.

"पट्टी कापा की. चाप कसा आहे ते कळायला नको?"

"पट्टी विकल्यावरच कापतात, मिस्टर ह्रूस्का. आणि चाप इथे ओढायचा नाही."

"पोरी, तुम्ही बंदुका विकता की नियम?"

"नियम फुकट देतो," ट्वायला हसली. "कशासाठी हवाय?"

"सापांसाठी."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की थंडी पडली की साप खडकाखाली जातात आणि एप्रिलपर्यंत वर येत नाहीत. या माणसाने तर जन्मभर त्याच खडकाळ रानात गुरं चारली होती.

त्यांचा हात माझ्यावर होता. थंड होता. माझ्याइतकाच.

ट्वायलाने मला हळूच काढून घेतलं, कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

"आणखी एक नियम आहे. पहिल्यांदा घेणाऱ्याला एकटं आलं तर देत नाही आम्ही. कुणाला तरी बरोबर आणा."

"कुणाला आणू? बायको होती, आर्लीन, ती मार्चमध्ये गेली."

"मग मी येते. गुरुवारी माझी सुट्टी असते. पण आधी कॉफी पाजायची, आणि त्याबरोबर बेकरीतले जर्दाळू भरलेले गोड पाव, कोलाचे."

"असला भिकार नियम मी उभ्या आयुष्यात ऐकला नाही!" ते म्हणाले आणि दार आपटून गेले.

मला काही वाटलं नाही. निदान तेव्हा वाटलं असं आठवत नाही.

त्या गुरुवारी ते आले आणि ट्वायलाला कॉफीला घेऊन गेले. पुढच्या गुरुवारीही. मला दाखवा, असं मात्र परत कधी म्हणाले नाहीत. काही वर्षांनी ट्वायला लेकीकडे ओमाहाला राहायला गेली, तरी ते दुकानात येत राहिले. दुकानातल्या उबेच्या भट्टीजवळची खुर्ची त्यांचीच झाली.

माझ्या चिठ्ठीवरची किंमत आता उडाली आहे. कुणी विचारत नाही. मला इथेच राहू द्यावं, एवढंच मागणं.

परवा भट्टीजवळ बसून डेलमर मालकांशी, व्हर्लशी, कुरकुरत होते. "इतकी वर्षं झाली, पण तुमचा तो एकट्या माणसाला न द्यायचा नियम अजून डोक्यात जातो माझ्या."

व्हर्लने हातातला कप खाली ठेवला.

"कुठला नियम, डेलमर? असला नियम आपल्या दुकानात कधीच नव्हता."