अशी बाई इथं नाही

शनिवारपर्यंत दोन जामीन आणायचे होते, आणि नकोबाईला अख्ख्या जगात एक माणूस आठवत नव्हता.

नकोबाई हे काही तिचं नाव नव्हे. ते धुलाईखात्यानं पाडलेलं. मोठं रुग्णालय, त्याच्या तळघरात धुलाईखातं, आणि तिथं ही बाई वीसेक वर्षं चादरींच्या घड्या घालत आलेली. कुणी डब्यातलं पुढं केलं की "नको". कुणी म्हणालं, चला, गाडीवर सोडतो, की "नको". अंगात ताप असला आणि कुणी म्हणालं घरी जा, तरी "नको". कुणाचं मिंधं म्हणून राहायचं नाही, हा तिचा बाणा. चांगलाच आहे की बाणा, वाईट कोण म्हणतंय? पण बाणा काही संध्याकाळी गप्पा मारायला येत नाही.

कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेतला कारकून भला माणूस. त्यानं तिची पाचही कर्जं समजून घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "बाई, तुमचा पगार सकाळी येतो आणि संध्याकाळपर्यंत हे लोक खाऊन टाकतात. मग पोटासाठी तुम्ही परत त्यांच्याच दारात. बरोबर ना?"

"बरोबर."

"मग असं करू. संस्थेचं एकच कर्ज घ्या. त्यातून या पाचांची तोंडं बंद करू. तुमच्या पगारातून दरमहा एकच हप्ता कापला जाईल, आणि व्याज यांच्या मानानं काहीच नाही. फक्त दोन जामीन लागतील, इथलेच, कायम नोकरीतले. शनिवारी समिती बसते. ती चुकली तर एकदम पुढच्या महिन्यात."

पुढचा महिना तिला झेपणारा नव्हता. पाचांतल्या एकानं आदल्या दिवशीच फोनवर दम भरला होता, पगाराच्या दिवशी पैसे आले नाहीत तर तुमच्या मुलाला फोन करू म्हणून. आणि पोराला कळता कामा नये, एवढी एकच गोष्ट तिला या जन्मात सांभाळायची उरली होती. बाकी काय हवं ते होवो.

सुरुवात पोरापासूनच झाली होती. त्याला दूर नोकरी लागली, खोली मिळाली, अनामत भरायची होती. "आई, तुझ्याकडे आहेत ना?" त्यानं विचारलं. "आहेत की!" ही म्हणाली. कसले आहेत! डोंबल! मग फोनवर कधीतरी पाहिलेली जाहिरात आठवली: पगार होईपर्यंत आम्ही आहोत. शेजारी हसऱ्या पोरीचं चित्र. तिनं बोट ठेवलं. फोन विचारत गेला, हे बघू का, ते बघू का, तुमच्याकडचे सगळे नंबर घेऊ का. आणि जन्मभर माणसांना नको म्हणत आलेली ही बाई फोनला मात्र हो, हो, हो करत गेली. चहा उकळेपर्यंत पैसे खात्यात. कुणापुढं हात पसरायला लागला नाही, कुणी तोंडाकडं बघितलं नाही. तिला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू.

पगार झाला तसे ते व्याजासकट गेले. महिना काढायला काही उरलं नाही, म्हणून दुसरा. दुसऱ्याचं फेडायला तिसरा. इकडची टोपी तिकडं, तिकडची इकडं. वर्षभरात पाच टोप्या झाल्या आणि डोकं आपलं एकच. त्यातल्या पाचव्याचे फोन तीन महिन्यांमागं एकाएकी बंद पडले. तिला वाटलं, विसरला बिचारा. आता तुम्हीच सांगा, वसुलीवाला विसरल्याचं कुणी ऐकलंय का? पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो हाच.

धुलाईखात्यातही हल्ली काहीतरी बिनसलं होतं. जेवायच्या सुट्टीत ती बाकावर येऊन बसली की बोलणं तुटायचं. कुणी भाजी पुढं करेना, की "नकोबाई, आज तरी हो म्हणा" अशी थट्टा करेना. सगळ्यांत वाईट हसरीचं. हसरी तिच्याहून दहाबारा वर्षांनी लहान, घडी घालायची जोडीदारीण, आणि साबण संपला तरी हसणारी. तीसुद्धा आता चादरीपुरतं बोलायची. "ही फाटलीय." "ही परत धुवायला टाका." बास. नकोबाईनं मनाशी हिशेब लावला: कंटाळली माणसं. रोज नको ऐकून कोण कंटाळणार नाही? वीस वर्षं आपणच दार लावत आलो, आता पलीकडून कडी घातली तर रडायचं कशाला?

पण रडू यायचं. खोलीवर गेली की ती आधी रेडिओ लावायची, घरात कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून. मग गॅसशेजारी उभ्यानंच जेवायची. एका माणसासाठी ताट कुठं वाढा आणि कुठं घासा! रविवारी पोराचा फोन यायचा. "बरी आहेस ना?" "बरी आहे." "पैसे वगैरे?" "आहेत की." झालं बोलणं.

गुरुवार उजाडला तेव्हा तिनं ठरवलं, हसरीलाच विचारायचं. नाही म्हणाली तर म्हणाली. वाक्य पाठ करून गेली.

चादरीची घडी दोघींची असते. दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. मागं सरून चादर ताणायची, झटकायची, मग टोकं जुळवत एकमेकींकडं चालत यायचं, एकीनं दुसरीच्या हातातली टोकं घ्यायची. यंत्रांच्या घरघरीत लांबून काही ऐकू येत नाही. बोलायचं ते जवळ आल्यावर, एखादं वाक्य, की पुन्हा मागं.

पहिल्या चादरीला तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. दुसऱ्या चादरीलाही नाही. तिसरीला जवळ येताच ती म्हणाली, "मला जामीन राहशील का?"

हसरीच्या हातून टोकं सुटली. धुतलेली चादर जमिनीवर पडली, म्हणजे परत धुणं आलं, पण दोघींपैकी कुणी वाकलं नाही.

"ताई," हसरी म्हणाली, "तुम्ही मागताय? तुम्ही?"

"नसेल जमत तर राहू दे."

"गप्प बसा हो!" हसरीनं तिचा दंडच धरला. "पाच महिने झाले आम्ही वाट बघतोय, तुम्ही कधी तोंड उघडताय म्हणून."

मग सगळं बाहेर आलं. वसुलीवाल्यांनी हिच्या फोनमधल्या रुग्णालयातल्या एकूणएक नंबरांवर फोन केले होते. हसरीला, इस्त्रीवाल्याला, मुकादमबाईला, अगदी वरच्या मजल्यावरच्या आयांनाही. तुमच्याकडची अमकी बाई कर्जबुडवी आहे, तिला सांगा. तेव्हा मुकादमबाईनं सगळ्यांना बोलावून बजावलं होतं: सांगायचं, अशी बाई इथं नाही. आणि तिच्या कानावर यातलं काही जाऊ द्यायचं नाही. तिला कळलं की आपल्याला ठाऊक आहे, तर ती उद्या कामावर यायची नाही. ओळखता ना तिला?

"म्हणून अळीमिळी गुपचिळी," हसरी म्हणाली. "पण मला काही पोटात ठेवायची सवय नाही हो. तुमच्याशी दोन शब्द जास्त बोलले की तेच निसटेल, अशी धास्ती. म्हणून मग बोलायचंच टाकलं."

"मला वाटलं, तुम्हाला माझा वीट आला."

"वीट? अहो, तुमच्यासाठी मुकादमबाई कुठवर गेली सांगू? एक जण फारच शिव्या द्यायला लागला, तेव्हा तिनं डोकं फिरून सांगून टाकलं, ती बाई वारली! दिवससुद्धा झाले म्हणाली! त्याचे फोन बंदच पडले तेव्हापासून."

पाच महिन्यांत पहिल्यांदा हसरी हसली, आणि तिच्यापाठोपाठ नकोबाईही, डोळे पुसत. माया करायची तर काय ही रीत! माणसाला जिवंतपणी मारून वाचवायचं, आणि वर त्याला एकटं सोडायचं. पण राग तरी कुणावर काढणार? दुपारच्या आत हसरीची सही झाली. दुसरी मुकादमबाईची. "मयत माणसाला मी पहिल्यांदाच जामीन राहतेय," असं म्हणत तिनं ती ठोकली.

शनिवारी कर्ज मंजूर झालं. सोमवारी दुपारी कारकुनानं तिला खुर्ची दिली आणि पाचही ठिकाणी फोन लावून आजमितीचा आकडा विचारायला लागला. हिला ऐकू यावं म्हणून फोन मोठ्यानं लावलेला. चौघांचं सुरळीत झालं. तिचा जीव भांड्यात पडत आला होता.

पाचवा म्हणाला, "या बाई तर वारल्यात."

कारकून चपापला. नकोबाईला मुकादमबाई आठवून हसू फुटलं. ती पुढं वाकून म्हणाली, "नाही हो, मी बोलतेय. जिवंत आहे. पैसे द्यायचेत तुमचे."

पलीकडं जरा वेळ कागद चाळल्यासारखा आवाज आला. मग तो माणूस म्हणाला, "कमाल आहे. आम्ही तुमच्या मुलाशी दोनदा बोललो. तुमची आई गेली, आता वारस म्हणून तुम्ही भरा, असं सांगितलं त्यांना. ते म्हणाले, आईच्या व्यवहारांशी माझा संबंध नाही, परत फोन करू नका. तुम्ही जिवंत आहात, हे काही बोलले नाहीत."

कारकुनानं घाईघाईनं आकडा लिहून घेतला आणि फोन ठेवला. "असतं असं," तो म्हणाला, पण काय असतं ते त्याला सांगता येईना. त्यानं पाण्याचा पेला पुढं सरकवला. नकोबाई सगळं पाणी प्यायली.

त्या संध्याकाळी तिनं रेडिओ लावला नाही. रविवार नव्हता, तरी पोराला फोन केला.

"तुला वसुलीवाल्यांचा फोन आला होता?"

तो म्हणाला, "आला होता."

"मी गेले म्हणून सांगितलं त्यांनी तुला."

"आई, त्याच्या आदल्याच दिवशी तर आपण बोललो होतो. खोटं बोलताहेत, हे मला कळलंच की."

"पण कर्ज आहे, हे कळलं ना?"

"कळलं."

"मग मला विचारलं नाहीस ते?"

पोरगा लबाड नव्हता, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. हवी ती थाप मारता आली असती त्याला. तो म्हणाला, "विचारलं असतं, तर मला द्यावे लागले असते, आई."

अनामतीचं ओठावर आलं होतं. तुझ्याच खोलीपायी, बाळा, असं एकदा म्हटलं असतं तर काय बिघडणार होतं? पण तिनं ते गिळलं.

"मिटलं आता सगळं," ती म्हणाली. "तू काळजी करू नकोस."

"मी काळजी करतच होतो," तो म्हणाला, आणि करतही असेल बिचारा. मग त्याला कुठंतरी जायचं होतं.

फोन ठेवून ती तशीच पलंगाच्या कडेला बसून राहिली. पाचांपैकी आता कुणाचाच फोन येणार नव्हता.

मंगळवारी तळघरात चादरींचा डोंगर पडला होता. हसरीची टकळी सकाळपासून सुरू; पाच महिन्यांचं साठलेलं ती एका दिवसात उरकायला निघाली होती. जेवायच्या सुट्टीत तिनं आपल्या डब्यातली भाजी न विचारताच हिच्या ताटलीत ओतली, आणि हिनं मुकाट्यानं खाल्ली. दुपारी पुन्हा घड्यांना उभ्या राहिल्या. दोघी मागं सरल्या, चादर ताणली, झटकली, आणि टोकं जुळवत चालत आल्या.

"पोराला सांगितलंत का, कर्ज मिटलं ते?" हसरीनं विचारलं. "काय म्हणाला?"

नकोबाईनं तिच्या हातातली टोकं घेतली.

"त्याला काय सांगायचंय?" ती म्हणाली. "त्याला ठाऊकच नव्हतं काही. कळलं असतं तर तसाच उठून आला असता, आहे नाही ते विकून पैसे भरले असते त्यानं. फार जीव आहे त्याचा माझ्यावर. म्हणून तर कळू दिलं नाही."

"नशीब काढलंत, ताई," हसरी म्हणाली, आणि पुढची चादर घ्यायला वाकली.