अव्वांचं वजन

अक्षताने सासूच्या काखेतून हात घातले, "धरा मला अव्वा," म्हणाली आणि जोर लावला. अव्वा कॉटवरून उठल्या, अर्ध्यातच डावीकडे कलल्या, त्यांच्यामागोमाग अक्षताही कलली आणि दोघी सासूसुना फरशीवर येऊन बसल्या. लागलं कुणालाच नाही. पण दिवाळीचा पहिला दिवस, अव्वांना ओट्यावर बसून गल्लीतल्या पणत्या बघायच्या होत्या, ते राहिलंच.

"जिमला जातीस म्हनं," अव्वा फरशीवरूनच म्हणाल्या. "तितं काय उचलतीस, रुमाल?"

अक्षताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेग प्रेसच्या मशीनवर शंभर किलो ढकलणारी बाई ती! बायकांच्या बॅचमध्ये तिचा केवढा दरारा. आणि अव्वांचं वजन त्याच्या निम्मंसुद्धा नाही.

अर्धांगाच्या झटक्याने अव्वांची डावी बाजू लुळी पडली होती. अक्षता आणि तिचा नवरा नंदीश दोघं मिळून त्यांना कॉटवरून शेजारच्या खुर्चीत कसंबसं सरकवत. त्यापलीकडे उंबरा, मग तीन उंच पायऱ्या. नंदीशची पाठ चिंचोळीच्या कारखान्यात कामातून गेलेली. वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. शेजारच्या पोरांना हाक मारावी, तर अव्वा ऐकतील तर शपथ.

"परक्या गड्यांनी मला उचलायचं न्हाय. मेल्यावर उचलतीलच की."

आणि भोगीच्या दिवशी सिद्धेश्वराच्या जत्रेतल्या मानाच्या काठ्या मिरवत त्यांच्या दारावरून जायच्या. मागच्या वर्षी अव्वांनी भिंतीकडे तोंड करून नुसता गजर ऐकला होता. यंदा अव्वांना काठ्या दाखवायच्याच, असं अक्षताने मनाशी धरलं.

"मशीनला रूळ असतोय गं," जिममधली रेश्मा मॅडम सगळं ऐकून म्हणाली. "वजन वर जातं, खाली येतं, कुटं पळत न्हाय. तुझ्या सासूबाईंना रूळ हाय का?"

तिने अक्षताच्या हातात नुसता लोखंडी बार दिला. एक प्लेट नाही, काही नाही, तरी तो डुगडुगला. शंभर किलोवाली बाई आरशात स्वतःची फजिती बघत राहिली. पण हटली नाही. बार स्थिर झाला, मग प्लेटा चढल्या, मग रेश्माने वाळूची गोणी आणून टाकली. ती गोणी म्हणजे महाआगाऊ! छातीशी धरावी, तर वाळू नेमकी नको त्या बाजूला धावायची.

"हमाली करायला चाललीस का गं?" मशीनवर बसून गप्पा हाणणाऱ्या मैत्रिणी विचारायच्या.

"व्हय," अक्षता म्हणायची आणि पुन्हा वाकायची.

घरी अव्वांचं निराळंच चाललेलं. अर्धी भाकरी संपली की ताटावर हात आडवा. "साकू." पुरे.

"माझ्या हातचं आवडंना का तुमाला?"

"भूक न्हाय."

पाडल्याचा राग अजून धरलाय म्हातारीने, असं अक्षताला वाटे. चरफडत ती उरलेली अर्धी स्वतःच खाई आणि दुसऱ्या दिवशी जिममध्ये तो सगळा राग गोणीवर काढी.

भोगीच्या दिवशी अव्वा इरकल नेसून सकाळपासून तयार होत्या. लांबून गजर आला, "हर्र बोला हर्र!" अक्षताने पाय रोवले, गुडघ्यांत वाकली, एक हात अव्वांच्या पाठीमागे, एक गुडघ्यांखाली घातला आणि त्यांना छातीशी घेऊन उभी राहिली. अव्वा डावीकडे कलल्या. अक्षता कलली नाही.

"सावकाश, सावकाश," नंदीश हात पसरून मागेपुढे नाचत होता.

"तुमी आधी वाटेतनं बाजूला व्हा बघू."

उंबरा ओलांडला. एकेक पायरी उतरली. खाली खुर्ची मांडलेली होती, पण पुढे गर्दीच्या पाठी.

"बसवू अव्वा?"

"बसल्यावर काय दिसतंय? धर की जरा."

तिने धरलं. उंच काठ्या डुलत, झळकत समोरून गेल्या, शेवटची कोपऱ्यावर वळेपर्यंत तिने धरलं. अव्वांनी चांगला हात कपाळाला लावला आणि चिरक्या आवाजात ओरडल्या, "हर्र!" अक्षताच्या दंडांना आग लागली होती आणि आनंदाने तिला रडू फुटत होतं.

दुपारी तिने तीळ लावलेली बाजरीची भाकरी सवयीने मोडून अर्धी ताटात वाढली.

"अर्धी कशाला? आख्खी वाढ."

"आज भूक लागली वाटतं?"

"भूक रोजच लागती की." अव्वांनी ताट पुढे सरकवलं. "आता पेलतीस तू मला. वाढ."

अक्षता हातातल्या अर्ध्या भाकरीकडे बघतच राहिली. मग तिने ती वाढली. वर लोण्याचा गोळा ठेवला. आणि अव्वा बघत असतानाच दुसरी भाकरी घेतली आणि आख्खीच्या आख्खी त्यांच्या ताटात ठेवली.