तेरा डिसेंबरचे तारे

रात्रीचे दहा वाजले होते आणि सोयगावजवळच्या आमच्या माळावर पाचेकशे माणसं कुडकुडत बसली होती. मचाणावरच्या बाबानं हात वर करून मंत्र पुटपुटायला सुरुवात केली. मिनिटभरानं एक तारा सर्रकन निखळला.

"तारा तुटला, कुणाचा तरी आजार तुटला," माईकवरून अतुल म्हणाला. लोकांनी हात जोडले.

अतुल माझा विद्यार्थी. पंधरा वर्षांपूर्वी याच माळावर, याच तारखेला मी त्याला सतरंजीवर झोपवून उल्का मोजायला शिकवलं होतं. बाबाला तारीख कुणी पुरवली ते कळलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढंच सरूबाई बसली होती. बाबाची अटच होती, तारा हवा तर औषध सोडा. तिनं क्षयाच्या सहा महिने घ्यायच्या गोळ्या तिसऱ्या महिन्यातच सोडल्या होत्या. तिची सहावीतली लेक दीपमाला माझ्याशेजारी वहीत रेघा ओढत होती.

बाबा चहाला खाली उतरला. दहा मिनिटांनी ती कुजबुजली, "सर, हात वर व्हता तवा धा मिन्टात नऊ पडले. आता चहा चाललाय, तरी अकरा."

मी अतुलपुढं हात केला. शाळेतल्या सवयीनं त्यानं मुकाट्यानं माईक दिला. मी दीपमालाचे आकडे वाचून दाखवले.

"चहा पेताना मनात जप चालूच व्हता," बाबा म्हणाला.

"मग उद्या तुम्ही येऊच नका. थोडे कमी, पण उद्याही पडतील," मी म्हणालो आणि लोकांकडं पाहिलं. "एका लघुग्रहामागं राहिलेल्या धुळीतून पृथ्वी दरवर्षी याच दिवसांत जाते. ते कण हवेत जळतात. हा नुसता हात वर करून वाट बघतो."

मागं कुणीतरी हसलं. मी अतुलकडं वळलो. "का रे?"

"तुमच्या सतरंजीवर पाच पोरं यायची, सर. हितं बघा किती हायेत."

सरूबाई उठली. "बाबाच्या शब्दावर म्या गोळ्या नाय सोडल्या, सर. अतुल म्हणला, हे समदं सरांनीच शिकवलंय. तुमचं नाव घेतलं, म्हणून सोडल्या."

सकाळी मी तिला आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टर रागावले, पुन्हा तपासणी लिहून दिली. खंड पडल्यानं उपचार लांबणार होता.

तारे बघायला जरूर या, फार सुंदर दिसतात. पण मोजा. बाबाचा हात वर असताना मोजा, खाली असतानाही मोजा. आणि सांगणारा माझा विद्यार्थी असो, नाहीतर खुद्द मी, गोळी सोडू नका.